लॉफ्टच्या जाहिरातीत मंजूर वापरही छापला जावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या वास्तुविषयक पुरवणीत जुने कारखाने, गोदामे आणि गिरण्या यांच्या इमारतींत तयार झालेल्या लॉफ्ट सदनिकांवर आलेला लेख वाचला. उंच छत, गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, मोठाल्या खिडक्या आणि मधल्या भिंती नसलेला सलग मजला यांचे आकर्षण लेखकाने नेमके टिपले आहे. मात्र अशा जागेत राहण्याची कायद्याने परवानगी आहे का, असल्यास ती कोणाला, किती जणांना आणि कोणत्या अटींवर आहे, याविषयी त्या लेखात एकही वाक्य नव्हते. नगररचनेच्या खात्यात नकाशे तपासण्याचे काम केलेल्या माझ्यासारख्याला ही उणीव खटकली, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची मला कल्पना आहे. काटछाट करावी लागलीच तर माझ्या मतांची करावी, तपासणीसंबंधीच्या मजकुराची करू नये, एवढी विनंती.

राहण्यासाठीच बांधलेली सदनिका आणि लॉफ्ट यांत मूलभूत फरक आहे. सदनिकांची इमारत पहिल्या नकाशापासून निवासासाठी आखलेली असते. तिचे जिने, खिडक्या, पाण्याच्या वाहिन्या आणि आग लागल्यास बाहेर पडण्याचे मार्ग हे सारे तिथे माणसे झोपणार आहेत असे धरून मंजूर झालेले असते. लॉफ्टची इमारत यंत्रांसाठी, मालासाठी आणि पाळीवर येणाऱ्या कामगारांसाठी उभारलेली असते आणि तिला परवानगीही तेवढ्यापुरतीच मिळालेली असते. माणसे तिथे राहायला नंतर येतात. त्यांच्या मागोमाग कागदपत्रे कधी पूर्ण येतात, कधी अर्धवट येतात आणि कधी येतच नाहीत. विक्रीला निघालेली जागा यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे ती नुसती पाहून कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. नूतनीकरण जितके देखणे तितके हा प्रश्न विचारण्याचे भान कमी, असे मात्र मी पाहत आलो आहे.

‘‘ही जागा निवासी आहे ना?’’ असा एकच प्रश्न खरेदीदार विचारतो आणि दलाल ‘‘हो’’ म्हणतो. वास्तविक त्यात तीन प्रश्न गुंतलेले असतात आणि त्यांची उत्तरे तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ती जमीन शहराच्या विकास आराखड्यात कोणत्या वापर-विभागात मोडते, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर नगररचना कार्यालयाच्या नकाशात आणि नियमावलीत मिळते. त्या इमारतीला, आणि तिच्यातल्या नेमक्या त्या मजल्याला, कोणत्या वापरासाठी भोगवटा प्रमाणपत्र दिले गेले आहे, हा दुसरा. त्याचे उत्तर बांधकाम परवानगी देणाऱ्या खात्याच्या दप्तरी असते. सोसायटी, मालकसंघ किंवा जमिनीचा मूळ भाडेपट्टा यांनी स्वतःचे कोणते निर्बंध घातले आहेत, हा तिसरा. त्याचे उत्तर उपविधींत आणि नोंदणीकृत दस्तांत दडलेले असते. एका प्रश्नाचे अनुकूल उत्तर आले म्हणजे उरलेल्या दोहोंचेही आले असे गृहीत धरले जाते आणि फसगत नेमकी तिथे होते. विभाग निवासी असतो, पण इमारतीचे प्रमाणपत्र अजून गोदामाचेच असते. प्रमाणपत्र निवासी असते, पण ते खालच्या दोन मजल्यांपुरते असते आणि विक्रीला निघालेला असतो तिसरा मजला. दोन्ही ठीक असतात, पण मूळ पट्ट्यात जागा केवळ उद्योगासाठी वापरण्याची अट असते.

जमिनीच्या वापराचे विभाग पाडण्याची पद्धत फार जुनी नाही. अमेरिकेत सबंध शहराला लागू होणारी पहिली विभागवार नियमावली न्यूयॉर्कने १९१६ साली केली, आणि अशी नियमावली करण्याचा नगरपालिकांचा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली युक्लिड गावाच्या खटल्यात मान्य केला. घरालगत धूर, आवाज आणि ज्वालाग्राही माल नको, हा त्यामागचा एक सरळ विचार होता. त्याच विचाराची दुसरी बाजू अशी की उद्योगांसाठी राखलेल्या भागात घरेही नकोत. कारण एकदा माणसे राहायला आली की यंत्रांच्या आवाजाविरुद्ध तक्रारी सुरू होतात, जागांचे भाव चढतात आणि उद्योगाला काढता पाय घ्यावा लागतो. हे निर्बंध निव्वळ लहरीपणातून आलेले नाहीत, हे ध्यानात घेतले म्हणजे ते सहजासहजी का उठत नाहीत तेही उमगते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण, लॉफ्टचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या न्यूयॉर्कच्या सोहो भागाचे आहे. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या तिथल्या इमारती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुकाने, गोदामे आणि कारखाने यांसाठी बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योग तिथून हटू लागले, मजले ओस पडले, आणि १९५० व १९६० च्या दशकांत मोठ्या आकाराची चित्रे आणि शिल्पे करणारे कलावंत स्वस्त भाड्यासाठी तिथे शिरले. राहण्याची परवानगी कोणालाच नव्हती. त्या भागात आगी इतक्या वारंवार लागत की अग्निशमन दलाचे लोक त्याला ‘नरकाचे शंभर एकर’ म्हणत. रात्री आग लागली तर आत माणूस आहे हे जवानांना कळावे, म्हणून कलावंत राहत असलेल्या मजल्याचा उल्लेख करणारी पाटी इमारतीच्या दाराशी लावण्याची व्यवस्था १९६० च्या दशकाच्या आरंभी झाली. पुढे १९७१ मध्ये नियम बदलला, परंतु तो सरसकट सर्वांसाठी बदलला नाही. शहराने कलावंत म्हणून प्रमाणित केलेल्या व्यक्तीनेच तिथे राहावे आणि काम करावे, असे ठरले. १९८२ चा राज्याचा लॉफ्ट कायदा आला तो प्रामुख्याने भाडेकरूंच्या संरक्षणासाठी; आधीपासून माणसे राहत असलेल्या इमारतींच्या मालकांनी अग्निसुरक्षेची आणि निवासाची मानके टप्प्याटप्प्याने पूर्ण करून रीतसर प्रमाणपत्र मिळवावे, असे बंधन त्याने घातले.

मधल्या काळात सोहो हा शहरातल्या अतिशय महागड्या वस्त्यांपैकी एक झाला. ब्रशला कधी हात न लावलेली माणसे तिथे लॉफ्ट विकत घेऊ लागली आणि शहराचे प्रशासन वर्षानुवर्षे तिकडे काणाडोळा करीत राहिले. ‘कलावंतांच्या अटीची मला जाणीव आहे’ असे खरेदीदाराकडून लिहून घ्यायचे आणि व्यवहार पुरा करायचा, अशी प्रथाच पडली. खरेदीदाराकडून घेतलेले हे लेखी पत्र खरेदीदाराच्या संरक्षणासाठी नव्हते, इतरांच्या संरक्षणासाठी होते, हे सांगायला नकोच. डिसेंबर २०२१ मध्ये शहराने सोहो आणि शेजारच्या नोहोची नियमावली बदलली. कलावंतांसाठी राखलेला लॉफ्ट साध्या निवासी वापरात आणायचा असेल तर दर चौरस फुटामागे १०० डॉलर कला निधीत भरावेत, अशी तरतूद त्यात ठेवण्यात आली. म्हणजे २,००० चौरस फुटांच्या जागेला २ लाख डॉलर. त्यावरून कोर्टकचेरीही झाली. खटल्यांचे काहीही होवो, पन्नास वर्षांपूर्वी घातलेली एक अट, जिची अंमलबजावणी होताना अनेकांनी कधी पाहिली नव्हती, ती अखेर जागामालकांच्या हिशेबात आकडा होऊन उतरली.

‘सगळेच राहतात, आजवर कोणी विचारले नाही’ हे विक्रेत्याचे आवडते उत्तर आहे. कोणी विचारले नाही याचा अर्थ परवानगी आहे असा होत नाही; विचारणारा अजून आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो येतो तेव्हा सवड देऊन येत नाही. न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात केंट अव्हेन्यूवरील एका जुन्या कारखान्याच्या इमारतीतून जानेवारी २००८ मध्ये, ऐन हिवाळ्यात, सुमारे २०० रहिवाशांना अग्निशमन दलाने बाहेर काढले. तळघरात साठवलेले धान्य आणि आग विझवणाऱ्या पाणीफवाऱ्यांतील दोष ही कारणे होती. रहिवाशांना परत यायला काही महिने लागले. याहून वाईट उदाहरण कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराचे. तिथे ‘घोस्ट शिप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदामात २ डिसेंबर २०१६ च्या रात्री संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागून ३६ जणांचा मृत्यू झाला. ते गोदाम निवासासाठी किंवा कार्यक्रमांसाठी मंजूर नव्हते, तरी कलावंत तिथे राहत होते. तिथले लोक भाडेकरू होते, खरेदीदार नव्हते. तरीही हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण भोगवटा प्रमाणपत्र ही कारकुनी कटकट आहे असे समजणारे सुशिक्षित लोक मला पुष्कळ भेटले आहेत.

काही देशांत ठराविक काळ उलटला की बेकायदेशीर वापरावर कारवाई करता येत नाही, आणि दलाल याचाही दाखला देतात. इंग्लंडमध्ये एखाद्या इमारतीचे स्वतंत्र निवासात रूपांतर होऊन चार वर्षे लोटली की नियोजन खात्याला कारवाई करता येत नसे. २५ एप्रिल २०२४ पासून ही मुदत दहा वर्षे झाली, आणि त्या तारखेआधी झालेल्या बदलांना जुनीच मुदत लागू राहिली. पण इथे दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली अशी की वापर अखंड चालू होता हे पुराव्यांनिशी दाखवण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते, आणि तो वापर हेतुपुरस्सर लपवलेला असेल तर मुदतीचा आधार मिळेलच असे नाही. दुसरी अशी की नियोजनाचा दोष काळाने माफ झाला तरी अग्निसुरक्षेचा होत नाही. म्हणून ‘आता दहा वर्षे झाली’ असे कोणी म्हणाले, तर वापर कायदेशीर असल्याचे स्थानिक नियोजन खात्याचे प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे का, एवढेच विचारावे. त्याच देशात राहणे आणि काम करणे अशा जोडवापरासाठी मंजूर केलेल्या जागा शहरांतल्या जुन्या औद्योगिक भागांत झाल्या. त्यांतल्या कित्येक नुसते घर म्हणूनच वापरल्या गेल्या. अशा जागेत कामाचा भाग बंद करून सगळीकडे पलंग मांडणे हा वापरबदल ठरू शकतो, याची कल्पना ती घेणाऱ्याला असतेच असे नाही.

आता भोगवटा प्रमाणपत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होते. प्रमाणपत्र आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ते वाचावे. त्यावर मजलावार वापर लिहिलेला असतो, सदनिकांची संख्या असते, काही ठिकाणी माणसांची कमाल संख्या असते, आणि ते कायमचे आहे की तात्पुरते हेही असते. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत संपते आणि ती संपल्यावर इमारत कागदावर रिकामी असायला हवी. अमेरिकेतील बहुतेक ठिकाणी आधार मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय इमारत संहितेत वापरानुसार गट पाडले आहेत: कारखान्यांचा ‘एफ’, साठवणुकीचा ‘एस’, निवासाचा ‘आर’. एका गटातून दुसऱ्या गटात जाताना नुसते नाव बदलत नाही. बाहेर पडण्याचे मार्ग, भिंतींची आग रोखण्याची क्षमता, पाणीफवारे आणि धोक्याचे भोंगे यांच्या अपेक्षा बदलतात. त्या पूर्ण करण्याचा खर्च कोणीतरी करावा लागतो, आणि तो विकासकाने केलेला नसेल तर पुढे मालकांच्या वाट्याला येतो.

लॉफ्टमधला पोटमाळा हा तर स्वतंत्र विषय आहे. उंच छताचा लाभ घेऊन अर्ध्या उंचीवर लाकडी किंवा लोखंडी तक्तपोशी टाकायची, वर झोपायची जागा करायची आणि ती सगळी जागा चौरस फुटांत मोजून विकायची, हा सर्रास चालणारा प्रकार आहे. वर सांगितलेल्या संहितेनुसार पोटमाळ्याचे क्षेत्र तो ज्या खोलीत आहे तिच्या क्षेत्राच्या सर्वसाधारणपणे एकतृतीयांशापेक्षा जास्त नसावे आणि त्याच्या वर व खाली किमान सात फूट मोकळी उंची असावी. ही मर्यादा ओलांडली की तो पोटमाळा राहत नाही, स्वतंत्र मजला ठरतो. आणि मजला वाढला की इमारतीला परवानगी असलेल्या एकूण बांधकाम क्षेत्राचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक शहराचे आकडे वेगळे असतील, पण मंजूर नकाशात पोटमाळा दाखवला आहे का आणि दाखवला असल्यास झोपण्याची जागा म्हणून की सामान ठेवण्याची जागा म्हणून, हा प्रश्न सगळीकडे तोच आहे. मोजपट्टी घेऊन जायला लाजू नये.

खिडक्यांचेही तसेच. कारखान्याचे मजले खोल असतात. रस्त्याकडच्या आणि मागच्या भिंतीला भरपूर उजेड आणि मध्ये अंधार. राहण्याच्या खोलीला नैसर्गिक उजेड देणारी काच तिच्या क्षेत्राच्या किमान आठ टक्के असावी, असे त्याच संहितेत म्हटले आहे. कृत्रिम प्रकाशाचा पर्याय दिला असला तरी झोपण्याच्या खोलीला सुटकेच्या खिडकीची अट पुष्कळदा वेगळी लागू होते. त्यामुळे माहितीपत्रकातल्या ज्या खोलीला ‘अभ्यासिका’ किंवा ‘गृहकार्यालय’ असे भारदस्त नाव दिले आहे आणि जिला खिडकी नाही, ती खोली शयनगृह म्हणून मंजूर होऊ शकली नसावी, असा संशय घ्यायला हरकत नाही. दोन शयनगृहांचा भाव देऊन एका शयनगृहाची जागा घेणारे खरेदीदार याच मार्गाने फसतात.

किती माणसांनी आणि कोणत्या नात्याने राहावे, यावरही निर्बंध असू शकतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. परस्परांशी नाते नसलेल्या दोनपेक्षा जास्त व्यक्तींनी एका घरात राहू नये, असा बेल टेर या गावाचा नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली वैध ठरवला होता. इंग्लंडमध्ये एकाहून अधिक कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामायिक वापरत असतील तर मालकाला परवाना घ्यावा लागतो. थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना जागा भाड्याने देण्याचे नियम तर अलीकडे फारच कडक झाले आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांपेक्षा कमी काळासाठी घर द्यायचे झाल्यास नोंदणी लागते आणि यजमानाने स्वतः तिथे राहत असणे आवश्यक असते. मोठ्या लॉफ्टचा अर्धा भाग भाड्याने देऊन कर्जाचे हप्ते फेडण्याचा बेत करणाऱ्याने हे आधी पाहावे. सोसायटीचे उपविधी बहुधा शहराच्या नियमांपेक्षाही कडक असतात.

मिश्र वापराच्या विभागात घर घेणाऱ्याने शेजारही कायद्याच्या नजरेतून पाहावा. खालच्या मजल्यावरचा सुतारकामाचा कारखाना, समोरचे रात्रभर चालणारे संगीतगृह किंवा पहाटे मालमोटारी भरणारे गोदाम हे तिथे तुमच्याइतकेच, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त, हक्काने असते. नवा येणारा तोच आवाजापासून बचावाची जबाबदारी घेईल, हे तत्त्व ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणाने २०१८ मध्ये स्वीकारले. तक्रार करून कारखाना बंद पाडू, या भरवशावर कोणी राहू नये.

जमिनीच्या आणि इमारतीच्या पूर्वीच्या वापराचा प्रश्न याला जोडूनच येतो, आणि तो गंभीर आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या होबोकन शहरात ग्रँड स्ट्रीटवरील एक जुनी इमारत कलावंतांच्या गटाने १९९३ मध्ये विकत घेऊन तिथे घरे व कार्यशाळा केल्या. त्या इमारतीत पूर्वी पाऱ्याच्या बाष्पाचे दिवे बनत असत. १९९५ मध्ये रहिवाशांना जमिनीच्या फळ्यांखाली पाऱ्याचे थेंब सापडले. १९९६ च्या आरंभी सगळ्यांना घरे सोडावी लागली, १९९७ मध्ये त्या जागेची नोंद देशातल्या अत्यंत प्रदूषित स्थळांच्या यादीत झाली आणि पुढे इमारत पाडून टाकण्यात आली. औद्योगिक वापरातून निवासी वापरात बदल मंजूर करताना माती, फरशी आणि भिंती यांची तपासणी झाली का, आणि त्या तपासणीचा अहवाल कोठे आहे, हे विचारणे म्हणजे अतिशंका नव्हे.

प्रत्यक्ष तपासणीचा क्रम मी असा सुचवीन. इसार देण्यापूर्वी भूखंडाचा क्रमांक घेऊन नगररचना कार्यालयातून वापर-विभागाचा दाखला लेखी मिळवावा; संकेतस्थळावरचा रंगीत नकाशा माहितीसाठी ठीक, पुराव्यासाठी नव्हे. त्या विभागाच्या नियमावलीत निवास थेट मान्य आहे, अटींवर मान्य आहे की विशेष परवानगीनेच मान्य आहे, हे वाचावे किंवा जाणकाराकडून वाचून घ्यावे. वारसा इमारत म्हणून किंवा अन्य कारणाने त्या भागावर जादा नियम लागू असतात. तेही त्याच वेळी विचारावेत. भोगवटा प्रमाणपत्राची आणि मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत विक्रेत्याकडून न घेता खात्याच्या दप्तरातून घ्यावी, आणि तो नकाशा हातात धरून जागेत फिरावे. इमारतीवर काढलेल्या नोटिसा, प्रलंबित दंड आणि वापरबदलाचे फेटाळलेले अर्ज यांची चौकशी करावी. फेटाळलेला अर्ज फार बोलका असतो. त्यातली कारणे वाचली म्हणजे पुढे तोच अर्ज कोणी केला तरी काय होईल याचा अंदाज येतो.

काही कागद पुरावा वाटतात, पण नसतात. निवासी दराने आलेले वीजबिल हा निवासाच्या परवानगीचा पुरावा नव्हे. मालमत्ता कराची पावतीही नव्हे, कारण अनेक ठिकाणी कर खाते प्रत्यक्ष वापर पाहून आकारणी करते, मंजूर वापर पाहून नव्हे. मालकी हक्क निर्वेध असल्याचा वकिलाचा शोध अहवाल महत्त्वाचा आहे, परंतु जागा कोणाची आहे हे तो सांगतो. तिथे काय करता येईल हे तो सांगेलच असे नाही. मालकी हक्काचा विमा अमेरिकेत सर्रास घेतला जातो, पण त्याच्या प्रमाणित पॉलिसीत वापर-विभागाच्या आणि बांधकामाच्या नियमांमुळे होणारे नुकसान सामान्यतः वगळलेले असते; ते हवे असल्यास वेगळी पुरवणी घ्यावी लागते. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे सगळे तपासले गेले, हाही भ्रम आहे. बँक आपले पैसे वसूल होतील का हे पाहते. उलट बँकेने कर्ज नाकारले, तर मात्र ते कारण सोडून देऊ नये, लेखी मागावे. रोखीने व्यवहार करणाऱ्यांना हा इशाराही मिळत नाही.

करारात एक कलम आग्रहाने घालून घ्यावे: जागेचा निवासी वापर कायदेशीर आहे असे विक्रेत्याचे निवेदन, आणि ते खोटे ठरल्यास किंवा ठराविक मुदतीत प्रमाणपत्र न मिळाल्यास इसार परत मिळण्याची हमी. जो विक्रेता तोंडाने सगळे सांगतो आणि या कलमावर सही करायला तयार होत नाही, त्याने आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिलेलेच असते. ‘लवकरच हा भाग निवासी होणार आहे’ या आश्वासनावर तर एक पैसाही जादा देऊ नये. आराखड्याचा मसुदा म्हणजे आराखडा नव्हे; हरकती, सुनावण्या आणि अंतिम मंजुरी यांत तो बदलतो, लांबतो आणि कधी कधी बासनात जातो.

हे वाचून मी जुन्या इमारतींच्या पुनर्वापराच्या विरोधात आहे असा कोणाचा समज होऊ नये. लॉस एंजेलिसने १९९९ मध्ये शहराच्या मध्यभागातील रिकाम्या कार्यालयीन इमारतींचे घरांत रूपांतर सुलभ करणारा वटहुकूम काढला. टोरांटोने १९९६ मध्ये किंग स्ट्रीटलगतच्या दोन जुन्या औद्योगिक भागांत वापराचे बंधन सैल केले. दोन्ही ठिकाणी ओस पडलेल्या वस्त्यांत पुन्हा वर्दळ आली. सगळेजण मोडतात असा नियम ठेवण्यापेक्षा तो उघडपणे बदलणे केव्हाही चांगले, असे माझे मत आहे आणि नोकरीत असतानाही होते. पण नियम बदलावा असे वाटणे आणि तो बदलला आहे असे धरून आयुष्यभराची पुंजी गुंतवणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे की पुरवणीत छापल्या जाणाऱ्या लॉफ्टच्या प्रत्येक जाहिरातीत क्षेत्रफळ आणि किंमत यांच्याबरोबर तीन गोष्टी सक्तीने असाव्यात: जमिनीचा वापर-विभाग, भोगवटा प्रमाणपत्राचा क्रमांक व तारीख, आणि त्या मजल्याचा मंजूर वापर. हा तपशील ज्याच्याकडे आहे त्याला तो द्यायला काहीच अडचण पडणार नाही. जो जाहिरातदार तो देऊ शकणार नाही, त्याची जाहिरात नाकारणे आपल्याला व्यवहारतः शक्य नसेल, तर निदान ते तीन रकाने जाहिरातीत रिकामेच ठेवून ती छापावी.

आपला,
एक निवृत्त नगररचनाकार